बेसबॉलवाल्याईचं थुकणं

हसा बाया हो, पण मी रोज सकाळी नातीच्या मोबाइलवर अमेरिकेचा बेसबॉल पाह्यतो. काय तो खेळ! एक फेकते, एक दांडू धरून उभा राह्यते, बाकीचे नुसते थुकून राह्यले. अन् त्याचा त्याईले पगार!

अंगणात थुकतो म्हणून सुनेनं माहा तंबाखू-सुपारीचा खर्रा लपवलता. मी तिले मोबाइल दाखवला.

"पाह्य, एवढे मोठे लोक थुकते. त्याईले कोणी बोलते काय?"

"आई, ते सूर्यफुलाच्या बिया खाते. तुमी बी त्याच खा."

वाटीभर आणून देल्ल्या. सामना काही संपे ना, मी काही थांबे ना. अंगणभर टरफलं! झाडता झाडता सुनेची कंबर धरली.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू होयाच्या आधीच तिनं खर्रा हातात ठेवला. "घ्या आई, पण डब्यात थुकजा."

तिकडे कोण जिंकलं, मले नाई मालूम.