सुनेची पुडी

"शोभाची सून वेगळी निघाली, अंगणात चूल मांडून..." गिरणीवर एवढंच कानावर आलं आणि मी विरजणाची वाटी घेऊन शेजारी शोभाकडे गेले.

अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या निखाऱ्यांवर सून फॉइलच्या पुड्या भाजत होती. वांगं, आलू, कांदा. पाच माणसं, पाच सारख्या पुड्या.

"हे काहून वं?" मी विचारलं.

"काकू, रोज सगळ्यांचं झालं की मी भाजीचा रिकामा गंज खरवडून खातो. आज माही पुडी आधीच बांधली."

शोभा फणकारली, "काकू आली, तिले तुही पुडी दे."

"देत नाही मी. काकूसाठी सहावी बांधतो," म्हणत तिनं आपली पुडी उघडली आणि सासूच्या समोर सगळ्यांआधी पहिला घास घेतला.

घर मोडलं नव्हतं, चूलही एकच होती. वेगळा निघाला होता तो तिचा वाटा.