उरलेल्याचा जोडीदार

झाडांमधून तबकडी फेकत खांबावरच्या साखळ्यांच्या एकेका टोपलीत टाकायच्या दर महिन्याच्या स्पर्धा दादा यापुढे घेणार नाहीत, हे त्यांच्या जुन्या खेळाडूला दातांच्या दवाखान्यात कळलं. शेजारी बसलेल्या शिंप्यानेही ते ऐकलं.

"अकरा वर्षं चालवलीत दादा, आणि आता सोडता?"

"सोडलं. साखळ्यांच्या टोपल्या तुझ्याकडे पोचवतो."

"वहिनी गेल्या म्हणून?"

"जोड्या लावल्या की एकजण उरतो. त्याच्याबरोबर ती खेळायची. एकट्याने फेरी करायची नाही, हा तिचा नियम."

"आणि त्यांच्या निम्म्या तबकड्या झाडावर!"

"हसू नकोस. तुलाही हरवलंय तिने."

"एकदाच! बरं, उरलेल्याबरोबर मी जातो."

"मग तुझा जोडीदार एकटा पडेल."

"तर तुम्ही जा."

"गेल्या महिन्यात गेलो ना. प्रत्येक टोपलीपाशी थांबत होतो. शेवटी तो गडीच म्हणाला, दादा, अजून कोण यायचंय?"

आतून दादांना हाक आली. ते उठताना खिशातला गुणांचा कागद पडला, तो शिंप्याने उचलून दिला.

"तिच्या शेवटच्या फेरीचा," दादा म्हणाले. "दम लागला म्हणून सतराव्या टोपलीवर थांबली. म्हणाली, पुढच्या महिन्यात पुरी करू."

शेवटच्या, अठराव्या टोपलीचा रकाना कोराच होता.