लख्ख नळ्या

लेक : पुन्हा उघडलंत ना झाकण? फोनवर आवाज आला मला.

घड्याळजी : उघडलं नाही गं. नुसतं किलकिलं केलं.

लेक : बाबा, तो स्लो कुकर आहे. दुरुस्तीला आलेलं घड्याळ नाही.

घड्याळजी : जन्मभर झाकणं उघडूनच पोट भरलं मी. आत काय चाललंय ते पाहिल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

लेक : दरवेळी सगळी वाफ निघून जाते. म्हणून तर म्हटलं होतं, सकाळी लावा आणि विसरून जा. किती वेळा उघडलंत?

घड्याळजी : ते विचारू नकोस. चष्मा इतक्यांदा वाफाळला, की शेवटी काढूनच ठेवला.

लेक : आणि मांस?

घड्याळजी : काट्याने टोचून पाहिलं. काटा वाकला.

लेक : सकाळपासून लावलंय ना?

घड्याळजी : सकाळपासून. नळीच्या मांसाच्या कापांना पीठ लावलं, तेलात तांबूस परतले, कांदा-गाजर-टोमॅटो घातलं, वाइन ओतली. सगळं तू सांगितलंस तसं. थोडी वाइन मला लागली. धीर यायला.

लेक : स्वयंपाकाला धीर कशाला लागतो?

घड्याळजी : पाहुणे यायचेत.

लेक : कोण पाहुणे?

घड्याळजी : आहे एक गिऱ्हाईक.

लेक : गिऱ्हाइकाला तुम्ही साधं पाणी विचारत नाही. जेवायला कसं बोलावलंत?

घड्याळजी : अगं, चांगलं गिऱ्हाईक आहे. ते राहू दे. हे बघ, रस दाट झालाय. तुझा तो इटालियन ओसोबुको म्हणजे असाच दिसतो ना?

लेक : इथून कसं दिसणार मला? बरं, नळीतला मगज सुटत आलाय का? तो वितळून रसात उतरला, की खरी चव येते.

घड्याळजी : कसला मगज?

लेक : हाडाच्या मधोमध असतो तो. पांढरा, मऊ.

घड्याळजी : ते होय! ते केव्हाच काढलं. आधी चिमट्याने, मग ब्रशने. डोळ्याला भिंग लावून बसलो होतो. आता नळ्या अशा लख्ख आहेत, की आरपार दिसतं.

लेक : बाबा.

घड्याळजी : काय झालं?

लेक : ओसोबुको म्हणजे भोकाचं हाड. त्या भोकातलं खायला मिळावं म्हणून लोक हा पदार्थ करतात. आणि तुम्ही ते भोक घासून काढलंत?

घड्याळजी : मला वाटलं, जुनं वंगण साचलंय.

लेक : हाडात वंगण?

घड्याळजी : शिजलेल्या नळ्या मी पुष्कळ चोखल्या, पण कच्ची कधी पाहिली होती? तुझ्या आईने मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. तेव्हा राग यायचा. आज कळलं, बाई शहाणी होती.

लेक : जाऊ दे. बाहेरून काहीतरी मागवा.

घड्याळजी : तसं नाही चालायचं. मी सांगून बसलोय, की हा पदार्थ म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

लेक : कुणाला सांगितलंत?

घड्याळजी : आपल्या दुकानाशेजारी दातांचा दवाखाना आहे ना, तिथल्या डॉक्टर. एकदा म्हणाल्या, तरुणपणी प्रवासात ओसोबुको खाल्ला होता, अजून जिभेवर चव आहे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अहो, मी दर रविवारी करतो.’

लेक : दर रविवारी तुम्ही ब्रेड आणि अंडं खाता.

घड्याळजी : अंडंसुद्धा फुटतं माझं.

लेक : थांबा. वर्षभरात दात दाखवायला किती वेळा गेलात तुम्ही? दरवेळी मी विचारायचे, दुखतंय का, तर म्हणायचात, छे, ठणठणीत आहेत.

घड्याळजी : ठणठणीत आहेत तोवरच दाखवावेत. त्याच म्हणतात तसं.

लेक : बाबा, सरळ सांगा मला.

घड्याळजी : सरळच सांगतो. महिनाअखेर दवाखाना बंद करून त्या बहिणीच्या गावी चालल्यात. कायमच्या. आज मला त्यांना विचारायचंय, की जाऊ नका. माझ्याबरोबर राहाल का, असं. या वयात हसं होईल माझं, माहीत आहे. गुडघे आधीच हसतात.

लेक : म्हणून हा सगळा खटाटोप!

घड्याळजी : म्हणूनच. रागावलीस?

लेक : रागावले नाही. आईची आठवण आली. टोचलं थोडं, खोटं कशाला बोलू?

घड्याळजी : मग नाही विचारत. जेवू घालतो आणि पाठवतो.

लेक : हे दगड जेवू घालणार? असं कुठे म्हटलं मी? रोज रात्री मी विचारते, जेवलात का, आणि तुम्ही ‘हो’ म्हणता. तो ‘हो’ रिकाम्या घरात घुमतो, बाबा. फोन ठेवल्यावर मला घास जात नाही. विचारा तुम्ही.

घड्याळजी : खरंच म्हणतेस?

लेक : खरंच. आणि आता त्या झाकणाला हात लावू नका.

(दारावरची घंटा वाजते.)

घड्याळजी : आल्या! इतक्या लवकर? तू फोन ठेवू नकोस हं. इथे ओट्यावरच राहा. या, या, डॉक्टर.

डॉक्टर : वेळेआधी आले. घरी बसवेना. वास अगदी जिन्यात येतोय हो तुमच्या ओसोबुकोचा.

घड्याळजी : वासच आहे, डॉक्टर. बाकी काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा केलाय मी हा. दर रविवारची ती थाप होती. मांस वातड आहे आणि नळ्या रिकाम्या.

डॉक्टर : बघू. अरेच्चा! या कुणी साफ केल्या?

घड्याळजी : मीच. मूर्खपणा झाला.

डॉक्टर : काम मात्र सुरेख आहे. इतकं स्वच्छ रूट कॅनाल मलासुद्धा जमलं नाही कधी.

घड्याळजी : चेष्टा करा, हक्क आहे तुमचा. झाकण लावून ठेवलं, तर अजून तीनेक तासांत मऊ होईल म्हणतात. पण तुम्हाला उशीर होईल.

डॉक्टर : लावा झाकण. आणि तिथून बाजूला होऊन इथे बसा.

घड्याळजी : बसतो. डॉक्टर, ते तुमच्या बहिणीच्या गावी... म्हणजे तिकडची हवा चांगली असेल, तसं नव्हे. माझं म्हणणं असं, की मी काही स्वयंपाकी नाही, रंगरूपाचंही तुम्ही पाहताच आहात. पण जाऊ नका. इथे राहा. माझ्याबरोबर.

लेक : बाबा, मी आता ठेवते फोन.

डॉक्टर : हे कोण बोललं?

घड्याळजी : माझी लेक. तिनेच शिकवला पदार्थ. बिघडवला मी. सगळं ऐकत होती ती.

डॉक्टर : ठेवू नकोस गं. तूही ऐक. माझी बहीण आठवडाभर विचारतेय, माझ्या खोलीला कुठला रंग देऊ म्हणून. मी अजून काही कळवलेलं नाही. आता कळवते, रंग राहू दे म्हणून.