पायापुढचं पाणी

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात, रंगाच्या दुकानात माझ्यापुढे दोन शेजारणी रांगेत उभ्या होत्या: झ्लातिना आणि तिच्या बरोबर खालच्या मजल्यावरची स्तेफका. स्तेफकाच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता.

झ्लातिना म्हणाली, “रंगव आता छत बिनधास्त! माझ्या टबामागच्या सगळ्या टाइल्स उखडल्या, कोपऱ्यांना पट्ट्या लावल्या, भिंतीला वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि मगच नव्या टाइल्स बसवल्या.”

“थेंब नाही गं पडला काल! तुझी पोरं तासभर डुंबत होती, तरी!”

“आपल्याला वाटायचं, टाइल लावली की पाणी अडतं. ते मेलं फटींतून शिरून भिंत कुजवत होतं.”

“सगळं खरं, पण वेळ चुकली बाई तुझी! आज माझ्या यावोरची ड्रायव्हिंगची परीक्षा आहे.”

“त्याचा माझ्या टबाशी काय संबंध?”

“निघताना पायापुढे पाणी सांडलं की काम फत्ते होतं ना? माझी थोरली मुलगी परीक्षेला निघाली तेव्हा माझं छत तुझ्यापायी गळत होतं, आणि ती पहिली आली! तेव्हापासून तुझ्या गळतीच्या भरवशावर मी पाणी ओतायचंच सोडलं. आज पोरगा कोरडाच गेला गं!”

“फोन वाजतोय तुझा.”

“यावोर? काय? खरंच? अगं, पास झाला!”

“होणारच होता.”

“आणि म्हणतोय, दारातून बाहेर पडतोय तोच वरच्या गॅलरीतून कुणीतरी पाणी ओतलं. बूट भिजले त्याचे.”

“बूटच? बादलीभर होतं. टब गळायचा थांबला म्हणून शेजारधर्म सोडू की काय मी?”