चामड्याची वादी

फेर्मीन : भोपळ्यातल्या येर्बा-चहाचा दुसराच घोट, आणि ‘आभार, पुरे’ म्हणून भोपळा परत केलास? पाचाच्या आत तू कधी थांबला नाहीस, एव्हारिस्तो.

एव्हारिस्तो : पोट बरं नाही.

फेर्मीन : पोटाला काय धाड भरलीय! शनिवारी तुझ्यासारखा प्रशिक्षक कुणाच्या घरी जातो, हे सगळ्या सेर्रो वस्तीला ठाऊक आहे. रविवारी ज्याला सामन्याबाहेर बसवायचं त्याच्या.

एव्हारिस्तो : इस्माएल आहे का?

फेर्मीन : मागे अंगणात फुटबॉलचे बूट घासतोय. सकाळपासून. उद्या अंतिम सामना ना!

एव्हारिस्तो : तेहतीस वर्षांचा झाला रे तुझा पोरगा. गुडघा वळत नाही त्याचा.

फेर्मीन : बारा वर्षं वाट बघितलीय त्यानं या एका सामन्याची.

एव्हारिस्तो : मला सांगतोस? ब्वेनोस आयरेसमधलं संघ शिकवण्याचं काम सोडून आलो, तेव्हा पहिला तोच निवडला मी.

फेर्मीन : माझ्याकडे बघून?

एव्हारिस्तो : त्याच्या डाव्या पायाकडे बघून. आज तुझ्याकडे बघून ठेवू त्याला?

फेर्मीन : मी मागितलंय का काही?... कपाळावरचा वण अजून दिसतो की तुझा.

एव्हारिस्तो : तू तापानं पडला होतास, त्या रविवारचा. तुझ्या जागी खाटीकखान्यातला तो लांबड्या खेळला. त्यानं उंच दिलेला चेंडू मी डोक्यानं मारला, आणि तेव्हाच्या चेंडूंना शिवणीवर असायची ती चामड्याची वादी कपाळात घुसली. सात टाके.

फेर्मीन : गोल झाला पण.

एव्हारिस्तो : झाला. तुझा चेंडू मात्र नऊ वर्षांत एकदाही लागला नाही मला. कसं करायचास रे?

फेर्मीन : मारण्याआधी पायानं जरा वळवायचो. वादी माझ्याकडे, गुळगुळीत बाजू तुझ्याकडे.

एव्हारिस्तो : तेवढ्यात समोरचा अंगावर यायचा की!

फेर्मीन : यायचाच. या नडग्या काय आपोआप वाकड्या झाल्या?

एव्हारिस्तो : आणि कधी बोलला नाहीस!

फेर्मीन : बोलायचं काय त्यात? काय दिवस होते, लेका! तू गोल करून धावत यायचास, मिठी मारायचास. माझं सगळं फिटायचं.

एव्हारिस्तो : फेर्मीन, भीती वाटते मला. पोरांची मनं मोडण्यातच उमर गेली, पण हे घर तुटलं तर मी जाऊ कुठं? संघाची यादी नुसती मैदानाच्या भिंतीवर लावून टाकू का?

फेर्मीन : खबरदार! ऊठ, अंगणात जा. तोंडावर सांग त्याला.

एव्हारिस्तो : काय सांगू?

फेर्मीन : खरं तेच. फक्त वादी तुझ्याकडे ठेव.