साफ केलेली टेप

—नाही हो ताई, आलाच आहात तर हा तुकडा ऐकूनच जा! तुमच्याच वडिलांनी सभागृहात बसून टेप केलेला, आणि तुम्ही म्हणता कधी धड ऐकला नाही — कमाल आहे बुवा! पंचेचाळीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त करतोय मी, लोकांच्या जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देतोय, किती टेपा गेल्या असतील या हातांखालून — पण सॅक्सोफोन म्हटलं की मला हाच. का? सांगतो ना. बाकीचे वाजवतात ते दाखवायला, बोटं बघा माझी, दम बघा माझा. हा म्हातारा तसला नाही. नाव व्हायचं ते होऊन गेलेलं, निम्मे दात पडलेले — हो, दात! — आणि वाजवतो कसा, तर जेवण झाल्यावर कुणी शेजारी बसून बोलतंय असं. आता हे, हे ऐका… थांबला. थांबला की नाही? पुढचा सूर ओठांवर आहे, पण देत नाही लेकाचा. सभागृहात सगळे श्वास रोखून बसलेत. एवढी शांतता कुठल्या टेपवर मिळत नाही हो.

येतो ना, येतो की मी घरी. काकूंना, तुमच्या आईंना, सांगायचं काय, तेच ना — टेपवर गेलेल्या काकांचा आवाज नव्हता, कधीच नव्हता, तुम्हाला भास होतोय. मागे त्या स्वतः आल्या तेव्हाही मी हेच सांगितलं. काठी टेकत जिना चढून आल्या, त्या स्टुलावर बसल्या, म्हणाल्या, नीट बघा हो, ह्यांचा आवाज होता. मी म्हटलं, काकू, वय झालं की होतं असं. असं म्हटलं मी, तोंड वर करून. डॉक्टरांनाही तुम्ही तेच सांगितलंत? म्हणजे गोळ्या त्यावरून… आणि परवा त्या वृद्धांच्या संस्थेत नेऊन ठेवायचं, तेही एवढ्यावरूनच? — नाही, तुमचंही बरोबर आहे, उठल्यापासून झोपेपर्यंत तेच ते ऐकायचं म्हणजे घरातल्यांचं डोकं उठणारच. तुमच्या घरचा मामला, मी कोण बोलणार!

पण ही शांतता बघा ना ताई. आधी इथं नुसता सत्यानाश होता. तो थांबतो बरोब्बर तिथंच काका खोकले, तेही एकदा नाही, दोनदा, आणि टेपरेकॉर्डर मांडीवर, म्हणजे सगळं थेट माइकमध्ये—

असं बघू नका.

होय. खोकले. बसा हो, उठू नका, आता निघालंच आहे तोंडातून तर पुरतं ऐका. टेप जुनी, चिकट झालेली, एकदाच धड चालेल अशी. ती चालवली, कॉम्प्युटरवर घेतली आणि साफ करायला बसलो. काकूंनी सांगितलं होतं फक्त खरखर काढा. पण मला तो खोकला सहनच होईना! इतकं सुंदर वाजवतोय तो, आणि हा कोण मध्येच? धान्यातला खडा निवडावा तसा चार दिवस बसून काढला मी तो माणूस. कॉम्प्युटरवर घेतलेला मूळ आवाज पुसून टाकला. का? जागा नव्हती म्हणून… छे, खोटं कशाला बोलू, जागा ढीगभर होती, मला तो नकोच होता. आणि टेपचा तर केव्हाच चुरा झाला.

मग काकू आल्या, आणि खरं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, म्हातारं माणूस, विसरून जाईल. मला काय ठाऊक, त्या टेप घेऊन आल्या त्याच त्या आवाजासाठी? त्या सॅक्सोफोनशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं हो! मी विचारलंच नाही. इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकाला विचारलं नाही मी, की बाबा, तुला यातलं काय हवंय? मला वाटायचं, मला कळतं. आणि त्यापायी एका शहाण्या बाईला वेडी ठरवून बसलो. लाज वाटते ताई, फार लाज वाटते.

कुणाला लावताय फोन? काकूंना? — द्या इकडे. नाही, तुम्ही नका सांगू, माझ्या तोंडून ऐकू दे त्यांना.

हॅलो. काकू, मी टेपवाला. नाही, नाही सापडला आवाज… काकू, जरा ऐका. तुमचं खरं होतं. भासबीस काही नाही. होता आवाज, मी पुसला, मी. शिव्या मग द्या, आधी ऐकून घ्या, कारण आता ते तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आधी दोनदा खोकले. मग तुमच्याकडे वळून, अगदी हळू, म्हणाले, "ऐकलंस?" आणि तुम्ही म्हणालात, "गप्प बसा हो, लोक बघताहेत."

काकू?

घ्या ताई, तुम्हीच घ्या फोन. मला नाही ऐकवत.