बारशाचा पाळणा

त्या दिवशी जयपुरात सकाळपासूनच गरम वारा सुटला होता. नातवाच्या बारशाला म्हणून मी दोन महिने खपून सुतळीचा पाळणा विणून रंगवला होता. रंगाचा वास जावा म्हणून तो बागेतल्या पेरूला टांगून ठेवला होता. तिथं बुलबुल रोज ये-जा करायची. मला वाटायचं, मुंग्या टिपायला येते. पाळणा काढायला गेलो, तर आत घरटं आणि त्यात तीन अंडी. संध्याकाळी पाहुणे येणार होते. मी सुनेला हाक मारली.

सून म्हणाली, "बाबा, घरटं उचलून फांदीवर ठेवा ना."

"आणि ती परत आलीच नाही तर?"

कुंपणापलीकडून शेजारच्या माँजी म्हणाल्या, "भाईसाहब, पोते को तो आज दस गोद मिल जाएँगी. इन तीनों को कौन लेगा?"